पुढं पस्तावली तर? हार्मोन मागणाऱ्या रुग्णाला ‘थांब’ म्हणण्याआधी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात नुकताच दवाखाना थाटलेल्या एका फॅमिली डॉक्टरांकडं २३ वर्षांची पारलिंगी मुलगी आली, सोबत तिची आई. जन्मदाखल्यावर मुलगा, पण गेली चार वर्षं ती मुलगी म्हणूनच राहते, कामावरही तशीच जाते. दहा महिन्यांपासून मेडिकलमधनं माला-डी या गर्भनिरोधक गोळ्या आणून रोज तीन खाते. आता तिला डॉक्टरांच्या देखरेखीखाली हार्मोन हवेत, पुढं शस्त्रक्रियाही करायची आहे. आई एकच वाक्य फिरून फिरून म्हणत होती, “पुढं पस्तावली तर काय करायचं हो डॉक्टर?” आणि डॉक्टर विचारतात, अशा वेळी नकार देणं किंवा ‘दोन वर्षं थांब, मग बघू’ म्हणणं हेच नैतिकदृष्ट्या सुरक्षित नाही का? चूक झालीच तर निदान आपल्या हातून नको.

शेवटचं वाक्य आधी घेऊ, सगळी गफलत तिथंच आहे. “आपल्या हातून नको” ही काळजी डॉक्टरची आहे, रुग्णाची नव्हे. नकार दिला की गोष्ट तिथंच थांबते असं आपण धरून चालतो. ही मुलगी दहा महिने कुणाला न विचारता औषध घेते आहे. तुम्ही नाही म्हटलं की ती दवाखान्याच्या पायऱ्या उतरेल आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधनं तेच पाकीट घेईल. बदल एवढाच की आता तिचा रक्तदाब बघणारं कुणी नसेल.

ते पाकीट एकदा हातात घेऊन बघाच. २८ गोळ्या, त्यातल्या २१ पांढऱ्या आणि ७ गडद रंगाच्या. गडद गोळ्या लोहाच्या, त्या सोडून द्या. प्रत्येक पांढऱ्या गोळीत ०.०३ मिलिग्रॅम इथिनाइल इस्ट्राडिओल, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा कृत्रिम प्रकार, आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं. रोज तीन म्हणजे ९० मायक्रोग्रॅम इथिनाइल इस्ट्राडिओल पोटात जातं. साठच्या दशकातल्या गर्भनिरोधक गोळ्यांत ५० मायक्रोग्रॅम आणि त्याहून जास्त मात्रा असायची. शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात हे लक्षात आल्यावर त्या मागं पडल्या. हे रसायन यकृतात सहजासहजी मोडत नाही आणि तिथंच रक्त गोठवणाऱ्या घटकांची निर्मिती वाढवतं. म्हणून पारलिंगी स्त्रियांच्या उपचारात ते वापरायचं नाही, याबद्दल आता तज्ज्ञांत दुमत उरलेलं नाही. दुसरा घटक लेव्होनॉरजेस्ट्रेल. त्याचा ओढा थोडासा पुरुषी संप्रेरकाकडंच असतो, म्हणजे ज्यासाठी गोळी खायची त्याच्या उलट.

यात आणखी एक मेख आहे. अशा रुग्णाची इस्ट्राडिओलची तपासणी पाठवली तर आकडा अगदी कमी येऊ शकतो, कारण नेहमीच्या तपासणीत इथिनाइल इस्ट्राडिओल पकडलं जात नाही. रिपोर्ट बघून ‘डोस कमी पडतोय’ म्हणणारा डॉक्टर आणि ‘मग चार खाते’ म्हणणारी रुग्ण, दोघंही फसतात. रक्त काढायच्या आधी ती नक्की काय खाते ते पाकिटासकट बघा.

तेव्हा पहिल्या भेटीत ‘हार्मोन द्यायचे की नाही’ हा प्रश्न उरतच नाही. ते चालू आहेत. प्रश्न आहे तो घातक औषध बदलून कमी घातक द्यायचं का, एवढाच. याचं उत्तर द्यायला तिच्या संपूर्ण आयुष्याचा निकाल लावावा लागत नाही. पायाला किंवा फुप्फुसात कधी गुठळी झाली होती का, घरात रक्ताच्या नात्यात कुणाला झाली का, डोळ्यांपुढं चमकणाऱ्या रेषा येऊन सुरू होणारी अर्धशिशी आहे का, कावीळ, सिगारेट, मिश्री, गुटखा, हे विचारा. रक्तदाब आणि वजन घ्या. हिमोग्राम, यकृताच्या तपासण्या, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, साखर, लिपिड, टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन एवढं पुरे. एचआयव्हीची तपासणी सुचवायची ती तिच्या संमतीनं. उपचाराची अट म्हणून तर अजिबात नाही. यात काही अडचण नसेल तर माला-डी बंद करून इस्ट्राडिओल व्हॅलरेट रोज २ मिलिग्रॅमनं सुरुवात. पुढं रिपोर्ट बघत ४, जास्तीत जास्त ६ पर्यंत. सोबत टेस्टोस्टेरॉन दाबायला स्पायरोनोलॅक्टोन, ५० मिलिग्रॅमपासून हळूहळू १०० ते २०० पर्यंत. पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी तपासणी, नंतर वर्षातनं एक-दोनदा. रक्तातलं इस्ट्राडिओल मिलिलिटरला १०० ते २०० पिकोग्रॅम आणि टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली, हे गाठायचं ठिकाण. सायप्रोटेरॉन हे टेस्टोस्टेरॉन दाबणारं दुसरं औषध वापरायचंच झालं तर दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आसपास; जास्त मात्रेत वर्षानुवर्षं दिल्यास मेंदूच्या आवरणाच्या गाठींचा, म्हणजे मेनिंजिओमाचा धोका वाढतो.

स्पायरोनोलॅक्टोनची एक गोष्ट पुस्तकात सापडत नाही. या गोळीनं लघवी वाढते. बाईच्या वेशात कामाला जाणाऱ्या पारलिंगी मुलीला शेडवर कुठल्या स्वच्छतागृहात जायचं हा रोजचा पेच असतो, मग ती सकाळपासून पाणीच पीत नाही. शरीरातलं पाणी कमी, त्यात ही गोळी, त्यात रक्तदाबासाठी एसीई गटातलं औषध असेल तर पोटॅशियम चढतं, क्रिएटिनिन वाढतं, आणि दोष औषधाला दिला जातो. कामावर लघवीला कुठं जातेस, हा प्रश्न औषधाच्या इतिहासातच विचारावा. गोळीची वेळ कामावरनं परतल्यानंतरची ठेवली तरी बराच फरक पडतो.

आता पस्ताव्याचं बोलू. ही भीती खोटी नाही आणि ती हसण्यावारी नेणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण ती किती मोठी आहे ते तरी बघूया. २०२१ साली २७ अभ्यास एकत्र करून केलेल्या आढाव्यात ७,९२८ रुग्ण होते. शस्त्रक्रियेनंतर पस्तावा झालेल्यांचं प्रमाण सुमारे १ टक्का निघालं. अॅमस्टरडॅमच्या केंद्राची १९७२ ते २०१५ ची नोंद ६,७९३ जणांची आहे. जननग्रंथी काढलेल्यांत पस्तावा पारलिंगी स्त्रियांत ०.६ आणि पारलिंगी पुरुषांत, म्हणजे जन्मदाखल्यावर मुलगी असलेल्यांत, ०.३ टक्के. स्वीडनच्या पन्नास वर्षांच्या नोंदीत २.२ टक्के, आणि दशकागणिक घटत गेलेला.

हे आकडे आईपुढं ठेवताना त्यांची दुसरी बाजूही ठेवा, नाहीतर तुम्ही डॉक्टर न राहता वकील होता. अॅमस्टरडॅममध्ये ३६ टक्के लोक काही वर्षांनी केंद्राकडं फिरकलेच नाहीत. पस्तावा व्यक्त झाला तो सरासरी दहा वर्षांहून अधिक काळानं, म्हणजे दोन-तीन वर्षांचा पाठपुरावा करून ‘सगळे खूश’ म्हणण्यात अर्थ नाही. तिथले रुग्ण बरीच चाळणी लागून आलेले होते, आजचे रुग्ण तुलनेनं लहान वयाचे आहेत. शिवाय ही युरोपातली माणसं. तिथल्या सरकारी विम्यावर झालेली शस्त्रक्रिया आणि कर्ज काढून, अर्ध्या माहितीवर झालेली शस्त्रक्रिया यांचं फळ एकच येईल असं धरता येत नाही. तरीसुद्धा, आकडा दुप्पट-चौपट केला तरी आपण ज्या भीतीनं दार लावून घेतो तिच्या जवळपास तो जात नाही.

पस्ताव्याची आपल्याला खरंच एवढी धास्ती असती तर ती कुटुंब नियोजनाच्या शिबिरात दिसली असती. कागल, गडहिंग्लज, शिरोळ, कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात २३-२४ वर्षांची दोन लेकरांची आई टाक्याच्या ऑपरेशनला येते. सरकारी निकषांत वय २२ च्या वर, लग्न झालेलं, निदान एक मूल वर्षाच्या वरचं, एवढं असलं की झालं. नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही. मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र कुणी मागत नाही, ‘दोन वर्षं थांब’ कुणी म्हणत नाही. आणि या शस्त्रक्रियेचा पस्तावा अमेरिकेत चौदा वर्षांच्या पाठपुराव्यात मोजला गेला आहे: तिशीपर्यंत ऑपरेशन केलेल्या बायकांत २०.३ टक्के, तिशीनंतर केलेल्यांत ५.९ टक्के. पाचातली एक. त्यावर आपण ऑपरेशन बंद केलं नाही. नीट समजावून सांगा, अर्जावर सही घ्या, मूल दगावलं तर नळ्या परत जोडायची सोय ठेवा, असं केलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. त्याच बायका हंगामात आपल्याकडच्या फडातही येतात. त्या वेळी ‘पुढं पस्तावली तर’ हा प्रश्न विचारायला दारात कुणी उभं नव्हतं.

म्हणजे ‘कायमचं आहे म्हणून भीती वाटते’ हे कारण पुरं पडत नाही. कायमचं तेही होतं. इथं आपल्याला तो बदलच विचित्र वाटतो म्हणून भीती वाटते, आणि हे स्वतःशी कबूल केलं की पुढचं काम सोपं होतं.

काम असं: भीतीला दाराशी राखण बसवायचं नाही, तिला संमतीच्या कागदावर कामाला लावायचं. एका कोऱ्या कागदावर तीन रकाने पाडा. औषध बंद केल्यावर परत येतं ते, परत येईल न येईल ते, आणि परत न येणारं ते. या मुलीच्या बाबतीत पहिल्या रकान्यात मऊ झालेली त्वचा, अंगावर चरबी बसण्याची पद्धत, बरीचशी कामेच्छा. दुसऱ्यात ताठरता आणि वीर्यातली बीजसंख्या. तिसऱ्यात छातीची वाढ: तीन ते सहा महिन्यांत सुरू होते, दोन-तीन वर्षांत पुरी होते आणि गोळ्या सोडल्या तरी जात नाही, ती घालवायला शस्त्रक्रिया लागते. न होणाऱ्या गोष्टीही तिथंच लिहा. आवाज बदलणार नाही, दाढी जाणार नाही, उंची आणि खांदे आहेत तेच राहतील. अपेक्षाभंगातनं उगवणारा पस्तावा इथंच निम्मा होतो.

पारलिंगी पुरुषाच्या बाबतीत हाच कागद वेगळा भरतो आणि घड्याळ जास्त वेगानं पळतं. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू केल्यावर पाळी एक ते सहा महिन्यांत थांबते, ती बंद केल्यावर बहुधा परत येते. आवाज पहिल्या काही महिन्यांतच फुटायला लागतो, पुढं दाढीचे केस येतात. हे दोन्ही परत फिरत नाहीत. म्हणून ‘तीन महिने घेऊन बघू’ हे वाक्य इस्ट्रोजेनला बऱ्यापैकी चालतं, टेस्टोस्टेरॉनला जपून वापरावं. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही हा समज पक्का खोडून काढा. बीज तयार होऊ शकतं आणि टेस्टोस्टेरॉन गर्भाला घातक आहे. सस्टॅनॉनसारखं इंजेक्शन शेंगतेलात बनवलेलं असतं, तेव्हा शेंगदाण्याची अॅलर्जी विचारा. हिमोग्लोबिन वाढतं, लॅबच्या कागदावर ‘स्त्री’ लिहिलेलं असलं की ठीकठाक रिपोर्टवरही लाल खूण येते आणि घरचे घाबरतात. पुरुषांच्या मर्यादेशी ताडून बघा, पण हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर डोस कमी करा, इंजेक्शनांतलं अंतर बघा, रात्रीचं घोरणं आणि विडी-सिगारेट विचारा.

अपत्याचा विषय पहिल्या भेटीतच काढायचा, मग तिनं “मला नकोत मुलं” म्हटलं तरी. दहा महिने एवढ्या मात्रेत इस्ट्रोजेन गेल्यावर बीजसंख्या घटलेली असणार. वीर्य गोठवून ठेवायचं असेल तर आधी तपासणी, आणि गरज पडल्यास हार्मोन थांबवून निदान तीन महिने वाट, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. याची कायदेशीर बाजूही सांगा. २०२१ चा सहायक प्रजनन कायदा विवाहित जोडपं आणि एकटी स्त्री यांनाच समोर ठेवून लिहिलेला आहे आणि साठवणीला साधारणपणे दहा वर्षांची मर्यादा आहे. गोठवलं म्हणजे वापरता येईलच असं नाही, हे माहीत असूनही ती हो म्हणू शकते. किंवा नाही.

कागद भरून झाला की तो बाजूला ठेवा आणि तिला तिच्या शब्दांत सांगायला लावा. “समजलं का?” याला सगळेच हो म्हणतात. “दोन वर्षांनी तुला वाटलं की हे सगळं बंद करावं, तर काय परत येईल आणि काय येणार नाही, मला सांग बघू” असं विचारा. “छाती राहील, ती काढायला ऑपरेशन लागेल. मूल होईल का ते सांगता येत नाही.” एवढं ती अडखळत का होईना बोलली की संमती झाली. सही हा त्याचा पुरावा आहे, संमती ती नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात हेच सांगितलं आहे: पुरेशी माहिती देऊन मिळवलेली खरी संमती, आणि ती दिली तेवढ्यापुरतीच.

तपासणीत मी काय शोधतो तेही सांगतो. निर्णय समजण्याची क्षमता, ही भावना किती काळची आणि कुठल्या परिस्थितीत आली, अपेक्षा काय, पाठीशी कोण. नैराश्य असणं हा नकाराचा आधार नाही, त्यावर उपचार सोबत चालतात. स्वमग्नता हाही नाही. थांबावंसं वाटावं अशा जागा थोड्याच: लिंगभावाची जाणीव फक्त तीव्र मनोविकाराच्या झटक्यात उगवली आणि त्यासोबतच मावळते, ऑपरेशननंतर पाळी येईल, गर्भ राहील अशी ठाम समजूत, ‘पुढच्या महिन्यात लग्न ठरवतायत, त्याआधी करून टाका’ अशी घाई, किंवा इच्छा तिची नसून दुसऱ्या कुणाची.

या शेवटच्या मुद्द्यावर कोल्हापुरात जरा थांबावं लागतं. आपल्याकडं सौंदत्तीच्या यल्लम्माशी जोडलेली जोगत्यांची, म्हणजे देवीच्या सेवेला वाहिलेल्या पुरुषांची, परंपरा आहे. लुगडं नेसून डोक्यावर जग, म्हणजे देवीची टोपली, घेऊन चालणारा प्रत्येक जोगता शरीर बदलायला आलेला नसतो. काहींना तसं हवं असतं, काहींचं समाधान त्या सेवेतच असतं, आणि कुणाला ‘देवानं धरलंय’ म्हणून घरच्यांनी आधीच तिकडं ढकललेलं असतं. वेशावरनं निदान करू नका. तसंच हिजड्यांच्या काही घराण्यांत निर्वाणासाठी, म्हणजे लिंग आणि अंडकोष काढण्यासाठी, गुरूचा किंवा बरोबरीच्यांचा दबाव असू शकतो. म्हणून निदान अर्धा तास तरी रुग्णाशी एकट्यानं बोलायचं. आई बाहेर, गुरूही बाहेर. आणि दवाखान्यानं दार लावलं की मागं दाईचं, म्हणजे चोरून हे कापून काढणाऱ्या अप्रशिक्षित माणसाचं, दार उरतं हेही विसरू नका. तिथनं येणारे रुग्ण रक्तस्रावानं, जंतुसंसर्गानं, मूत्रमार्ग आकसून लघवी तुंबून येतात. ही किंमत पस्ताव्याच्या कुठल्याच आकडेवारीत धरलेली नसते.

थांबवायचंच असेल तर माझा एक नियम आहे: कारण आणि तारीख लिहिल्याशिवाय ‘थांब’ म्हणायचं नाही. ‘झोप आणि आवाज ऐकू येणं यावर उपचार सुरू, सहा आठवड्यांनी पुन्हा भेट’ हे थांबवणं झालं. ‘अजून विचार कर’ हा नकारच आहे, फक्त गोड बोलून दिलेला. आपल्याला दोन वर्षं काहीच वाटत नाहीत. तेवढ्यात तिचं लग्न लावलं गेलेलं असू शकतं, किंवा ती गाव सोडून गेलेली असू शकते, किंवा त्याहून वाईट.

अठराच्या खालच्या मुलांबद्दल इथं बोलत नाही. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२४ च्या कॅस अहवालानं किशोरवयातल्या औषधांचा पुरावा कमकुवत ठरवला, तो वाद त्या वयाचा आहे. तो उचलून २३ वर्षांच्या बाईवर लावू नका, आणि तिच्यासाठी लिहिलेलं उत्तर पंधरा वर्षांच्या मुलालाही लावू नका.

शस्त्रक्रियेचा टप्पा वेगळा आहे आणि तिथं सावकाशी मला मान्य आहे. अंडकोष किंवा बीजांडकोष काढायच्या आधी, हार्मोन घ्यायला काही अडचण नसेल तर, निदान सहा महिने हार्मोन झालेले असावेत असं वर्ल्ड प्रोफेशनल असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थची २०२२ ची आठवी मार्गदर्शिका सुचवते. पूर्वी ते बारा होते. एकाच तज्ज्ञाचं मूल्यांकन पुरेसं, हेही त्यातच आलं. आधी जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेला दोन पत्रं लागत. कोल्हापूरच्या रुग्णाला याचा अर्थ साधा आहे. पुण्याला जाणं-येणं म्हणजे साडेचारशे किलोमीटरच्या वर आणि कामाचे दोन खाडे. पत्र इथल्याच मानसोपचारतज्ज्ञाकडनं घ्या, आणि त्या तज्ज्ञाला आधी फोन करून सांगा की विचारायचं काय आहे, नाहीतर चार खेपा नुसत्या ‘ओळखी’त जातात. एकदा प्रत्यक्ष तपासल्यावर तेच औषध पुढं चालू ठेवायला २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांत जागा आहे.

योनिनिर्मितीची शस्त्रक्रिया ठरवणाऱ्या मुलीला मी सगळ्यात जास्त वेळ देतो तो एका कंटाळवाण्या विषयावर. नव्या योनीचा मार्ग आकसू नये म्हणून डायलेटर घालून ठेवावा लागतो. सुरुवातीचे काही महिने साधारण दिवसातनं तीनदा, दर वेळी वीस मिनिटं ते अर्धा तास, नंतर हळूहळू कमी. पण पूर्ण सुटका बहुधा नाही. आता तिचं घर डोळ्यांपुढं आणा. दोन खोल्या, पाच माणसं, दाराला कडी नाही, बाथरूम सामायिक. दिवसातनं दीड तास आडवं पडायला बंद दाराची जागा कुठं आहे? धुवायला पाणी, वाळवायला जागा, रजा किती? हे सुटलं नाही तर मार्ग आकसतो, दुखतं, पुन्हा ऑपरेशन लागतं, आणि मग जो पस्तावा येतो तो ‘मी बाई नव्हतेच’ असा नसतो. तो भाड्याच्या खोलीचा पस्तावा असतो. तीन महिन्यांपुरती मैत्रिणीकडं खोली ठरवणं हा इथं वैद्यकीय सल्ला आहे.

यावरनंच कळेल की पस्तावा एका जातीचा नसतो. ‘माझी ओळखच चुकली’ हा एक. ‘ऑपरेशन फसलं’ हा दुसरा. ‘माणसं तुटली, नोकरी गेली’ हा तिसरा. २०१५ च्या अमेरिकी सर्वेक्षणात कधी ना कधी मागं फिरलेल्यांपैकी ८२.५ टक्क्यांनी निदान एक बाहेरचं कारण सांगितलं: घरचे, नोकरी, हिणवणं. ते सगळे उत्तर देताना स्वतःला पारलिंगी मानणारेच होते, म्हणून पहिल्या जातीचा पस्तावा त्यात कमी दिसणार, हे धरूनच तो आकडा वाचावा.

मग कुणी खरंच पस्तावून आलं तर? त्याच दारानं आत घ्यायचं. “सांगितलं होतं ना” हे वाक्य गिळून टाकायचं. कुठल्या जातीचा पस्तावा ते ऐकायचं. ग्रंथी शाबूत असतील तर औषध कमी करत बंद, आणि तीन महिन्यांनी तपासणी. ग्रंथी काढलेल्या असतील तर मात्र सगळे हार्मोन बंद करून चालत नाही. शरीराला दोन्हीपैकी एक संप्रेरक लागतंच, नाहीतर अंगाचा भडका, थकवा आणि काही वर्षांत ठिसूळ हाडं. ही चूक नेहमी होते, कारण रागाच्या भरात रुग्ण सगळंच सोडतो आणि डॉक्टर सुटकेचा श्वास टाकतो. दाढीला लेझर, आवाजाला वाचोपचार, छातीला शल्यविशारद, प्रत्येकासाठी चिठ्ठी द्या.

कायद्याची भीती दोन ओळींत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये पुंस्त्व नष्ट करणं ही जबर दुखापत आहे खरी, पण कलम २६ प्रमाणे रुग्णाच्या भल्यासाठी, सद्भावनेनं, संमतीनं केलेला उपचार गुन्हा ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालानं पारलिंगी व्यक्तींना मान्यता दिली, २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याच्या कलम १५ नं सरकारवर हार्मोन, शस्त्रक्रिया आणि समुपदेशनाची जबाबदारी टाकली. आणि उपचाराच्या नावाखाली ‘सरळ’ करणं, म्हणजे कन्व्हर्जन थेरपी, याला राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानं २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. परवाना धोक्यात येतो तो तिथं. खर्चासाठी आयुष्मान भारतच्या टीजी प्लस योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण जाहीर झालं आहे, त्याला राष्ट्रीय पोर्टलवरचं ओळखप्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्राचे नियम अर्जाच्या दिवशी वाचूनच पुढं जा, आणि रुग्णालय यादीत आहे का ते गाडीत बसायच्या आधी फोन करून विचारा.

राहिली आई. तिची सही लागत नाही, मुलगी सज्ञान आहे. पण तिचं ऐकून घ्यायला दहा मिनिटं काढा. “मावशी, पस्तावली तर म्हणजे नक्की कशाला पस्तावली तर?” असं विचारा. बहुतेक वेळा उत्तर शरीराबद्दल येत नाही. भावकी काय म्हणेल, धाकटीचं लग्न जमेल का, म्हातारपणी हिला कोण बघणार, असं येतं. याला तुमच्याकडं गोळी नाही. पण हे प्रश्न मुलीच्या रक्ताच्या रिपोर्टपासून वेगळे काढून दाखवता येतात, आणि दर तीन महिन्यांच्या भेटीला आईनंही यावं असं सांगता येतं.

पुढच्या भेटीचा कागद एवढाच असू द्या: माला-डी बंद केल्याची तारीख, नव्या गोळ्यांची मात्रा, दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन. आणि एका पायाची पोटरी सुजली, दम लागला किंवा छातीत कळ आली तर दवाखाना उघडायची वाट न बघता थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठायचं, आणि तिथल्या डॉक्टरांना इस्ट्रोजेन चालू आहे हे न लाजता सांगायचं. हे शेवटचं वाक्य आईलाही वाचून दाखवा. तशी वेळ आलीच तर रिक्षात तीच शेजारी असेल.